माग बंद होते तेव्हा

मांडणीवरचं स्टीलचं झाकण खाली पडलं आणि फरशीवर गरागरा फिरत राहिलं. आधी खणखणाट, मग बारीक होत जाणारी किणकिण. ती संपता संपेना. मी हातातली दह्याची वाटी ओट्यावर ठेवली आणि धावत जाऊन झाकणावर पाय दिला.

घर पुन्हा गप्प झालं.

देव्हाऱ्यापुढे वाती वळत बसलेल्या आत्यांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माझे यजमान उमेश जिना चढून वर येत होते. ते एक पाय पायरीवर, एक पाय हवेत असे तिथंच थांबले. मग आम्ही तिघांनी एकदम खिडकीकडे पाहिलं.

खिडकीखाली कडुलिंबाच्या पाल्यावर धुवट पांढरं धोतर अंथरलेलं होतं आणि त्यावर आमची केतकी बसली होती, आमच्याकडे पाठ करून. पाल्याच्या काड्या सोलून ती एका ओळीत मांडत होती. झाकण पडलं तेव्हा एक काडी तिच्या हातात होती. ती काडी तिनं ओळीच्या टोकाला नीट ठेवली आणि दुसरी उचलली.

आत्यांनी लांबूनच तिची दृष्ट काढून कानशिलांवर बोटं मोडली. उठून माझ्या कानाशी आल्या आणि कुजबुजल्या, "बघितलंस? एवढं भांडं आदळलं, पोरगी दचकलीबी न्हाई. बाई निवाल्या गं, सारिका. बाई निवाल्या."

मला रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सुखाचं.

उमेशनी जिन्यातूनच हाताची बोटं फिरवून विचारलं, काय झालं? मी त्यांच्याकडे बघून हसले, पदरानं डोळे पुसले आणि झाकण उचलून ठेवलं.

आमचं घर इचलकरंजीत, मागांच्या गल्लीत. खाली कारखाना, वर आम्ही. सासऱ्यांनी घातलेले यंत्रमाग लाईट असेल तोवर चालतात. आत्ता मी हे लिहितेय तेव्हाही चाललेत. केतकीनंतर झालेला धाकटा त्या आवाजातच झोपलाय, केतकी शाळेतून यायला अजून अवकाश आहे, आणि आत्या शेजारी गेल्यात. एवढा वेळ माझा.

लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, हे घर आज ना उद्या कोसळणार. जमीन थरथरायची, पिंपातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची, मांडणीतली ताटं आपसात बडबडायची. मग सवय झाली. अशा घरात माणसं अर्धं तोंडानं बोलतात आणि अर्धं हातानं. चहा हवा तर अंगठा ओठाला. पाहुणा आला तर तळहात उंबऱ्याच्या दिशेनं. एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचं, आवाजाकडे फार लक्ष द्यायचं नाही. सासऱ्यांना शेवटी शेवटी काहीच ऐकू यायचं नाही, पण गल्लीत त्याला कुणी आजार म्हणत नव्हतं. 'मागवाल्याचा कान' म्हणायचे. सुताराच्या हाताला घट्टे असतात, तसं.

केतकी याच आवाजात जन्मली. लाईट गेली आणि माग थांबले की बाकीची पोरं ओरडत गल्लीत पळायची. ही झोपेतून दचकून उठायची आणि भोकाड पसरायची. आणि माग सुरू होताना तिचा एक खेळ ठरलेला. जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसायचं, दोन्ही कानांत बोटं घालायची. खाली उमेशनी बटण दाबलं आणि पहिला धडाका झाला की बोटं काढायची. पुन्हा घालायची, पुन्हा काढायची. सगळा कारखाना आपणच चालू-बंद करतोय अशा थाटात. मग किंचाळायचं, "बाबा, मी बंद केला! बाबा, मी चालू केला!" तिच्या बाबांना त्यातलं एक अक्षर ऐकू जायचं नाही. ते खालून नुसते हात हलवायचे.

त्या वर्षी उन्हाळा सुरू होताना ती बालवाडीतून तापानं फणफणतच आली. डोळे लाल, नाक गळतंय. दोन दिवस मी सर्दी म्हणून काढे पाजले. मग एका सकाळी वेणी घालताना तिच्या कानामागं बारीक लाल पुरळ दिसलं. मी आत्यांना बोलावलं. त्यांनी पोरीचा कान हळूच पुढं वळवला, बघितलं, आणि माझ्या हातातला कंगवा काढून घेतला. मग तिच्यापुढं हात जोडले.

"बाई आल्या," म्हणाल्या. "या बाई. बसा." अंगावर पुरळ उठवणारी देवी म्हणजे आमच्याकडं 'बाई'.

केतकी माझ्याकडे बघायला लागली. आजी आपल्याला नमस्कार करते, हे तिला फार आवडलं होतं.

त्याच दुपारी मी मगदूम डॉक्टरांना घरी घेऊन आले. आत्या आडव्या येतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "डॉक्टर बी बघू दे, बाई बी बघू दे. दोघांचं भांडण कशाला लावायचं?" डॉक्टरांनी घसा बघितला, छातीला नळी लावली. गोवर आहे म्हणाले. लस टोचलेली असली तरी एखाद्याला निघतो. औषधं लिहून दिली, आणि जाताना उंबऱ्यावर आत्यांनी बांधलेली लिंबाची डहाळी डोक्यानं बाजूला सारत म्हणाले, "आजी, तुमचं चालू दे. फक्त औषध चुकवू नका."

आत्यांचं चालू झालं. चपला खालीच काढायच्या. फोडणी बंद, तळण बंद. केस विंचरायचे नाहीत. पोरीला नावानं हाक मारायची नाही, कारण आता तिच्यात बाई आहेत. 'अहो बाई' म्हणायचं. घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आणि माग बंद. हे शेवटचं आमच्या घराण्याचंच, सासऱ्यांच्या आजीपासून चालत आलेलं. बाईंना मागातल्या धोट्याचा आवाज सोसत नाही म्हणे.

"व्यापारी कापड मागायला आला तर काय सांगू?" उमेशनी विचारलं.

"सांग, घरात बाई आल्यात. त्याच्या घरात बी लेकरं हाईत."

"आणि किती दिवस?"

"बाई पाहुण्या हाईत. पाहुण्याला विचारतंय का कुणी, कधी जाणार म्हणून?" आत्या म्हणाल्या. "त्या निवाल्या की आंघोळ घालायची, दहीभात द्यायचा, बोळवण करायची. मग आईनं लेकराला नावानं हाक मारायची, मोठ्यानं. लेकरानं 'ओ' दिली की बाई गेल्या, लेकरू परत आलं. मग लाव की तुझं माग."

उमेशना यातलं काही पटत नव्हतं. पण ते खाली गेले आणि एकेक माग थांबवत आले. शेवटचा थांबला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन एकदम मेल्यासारखी वाटली.

केतकी रडवेली झाली. "माग का बंद केले?"

मी तिला मांडीवर घेतलं. अंग कढत होतं. "आपल्याकडं बाई आल्यात ना? त्यांना आवाज सोसत नाही. म्हणून सगळ्यांनी हळू बोलायचं."

"तू पण?"

"मी पण. बाई गेल्या की मग माग लावायचे. तू पायरीवर बसून पाहिजे तेवढं ओरड. मी पण मोठ्यानं बोलीन."

"एकदम मोठ्यानं?"

"एकदम. गल्लीत ऐकू जाईल एवढं."

तिनं तळहात पुढं केला. मी त्यावर हात मारून वचन दिलं.

पहिले दिवस तसे हसत गेले. उमेश औषधाची बाटली घेऊन तिच्यापुढं गुडघ्यावर बसायचे आणि कुजबुजायचे, "अहो बाई, जरा तोंड उघडता का?"

"उघडते. पण आधी शहाळं."

"बाईंना शहाळंच लागतंय," आत्या गंभीरपणे म्हणायच्या आणि उमेशना खाली पिटाळायच्या. शहाळं आलं की बाई म्हणायच्या, आता नको, आता कुल्फी. आत्या मान हलवायच्या, "कुल्फी मागणाऱ्या बाई ह्या पहिल्याच."

मग पुरळ तोंडभर, अंगभर उतरलं, आणि ताप चढला तो उतरेना. तिचं हसणं गेलं. कुल्फी मागणं गेलं. डोळे उघडवत नव्हते म्हणून खिडकीला मी माझी जुनी साडी लावली. कपाळावर ओली घडी ठेवावी, तर दुसरी पिळेपर्यंत पहिली तव्यावरच्या फडक्यासारखी कोरडी. बाहेर साऱ्या गल्लीतले माग चालायचे, पण आमच्या भिंतीआड तो आवाज लांबून आल्यासारखा, दुसऱ्या कुणाच्या घरचा वाटायचा.

एका दुपारी ती एकाएकी उठून बसली. दोन्ही हातांनी कान धरले होते.

"आई, बाबांना सांग. माग बंद करायला सांग."

"बंदच आहेत गं राणी."

"नाहीत! चाललेत." ती कानाच्या पाळ्या ओढायला लागली. "खूप चाललेत. सगळे. माझ्या कानात चाललेत."

मी तिचे हात धरले. ती माझ्या हातात डोकं घासायची, उशीत कान खुपसायची आणि सारखं तेच. बंद कर, आई, बंद कर. आत्या पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळत होत्या. "तापात लेकरं कायबी बोलत्यात," त्या पुटपुटल्या. "हिच्या बापाला बाई आल्या तवा ते म्हणायचं, छतावर म्हशी चालत्यात."

उमेश डॉक्टरांना पुन्हा घेऊन आले. त्यांनी इंजेक्शन दिलं, डोळ्यांत बॅटरी मारली, मान वाकवून बघितली. या वेळी डहाळीबद्दल काही बोलले नाहीत. "आजचा दिवस बघू. उतार नाही पडला तर मिरजेला हलवू," एवढंच.

पण उतार पडला. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला मी तिच्या कपाळाला हात लावला तर हाताला ओल लागली. आधी वाटलं, घडीचंच पाणी. मग तिच्या ओठाच्या वर, मानेवर, केसांच्या मुळाशी घामाचे थेंब फुटलेले दिसले. मी उमेशचा हात ओढून तिच्या मानेवर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ उचलला नाही. आत्यांनी देव्हाऱ्याकडे तोंड करून पदर पसरला.

केतकीनं डोळे उघडले. मी वाकून कुजबुजले, "कानातले माग थांबले का गं?"

तिनं माझ्या तोंडाकडे एकटक बघितलं. मग मान डोलावली.

मग जेवण सुरू झालं. मऊ दहीभात, तोही दोन घासांपुरता. उठून उभी राहिली की ती एका बाजूला झुकायची, भिंत धरून चालायची, नाहीतर पडायची. "अंगात ताकद कुठं हाय," आत्या म्हणायच्या. मधूनच एवढ्या मोठ्यानं "पाणी!" म्हणून ओरडायची की आम्ही तिघं उडायचो. आत्या ओठांवर बोट ठेवायच्या. मग तीही ओठांवर बोट ठेवायची आणि ओशाळं हसायची. सगळं घर हातांनी बोलत होतं. ती तर त्यात पटाईतच. अंगठा ओठाला लावून दूध मागायची, मूठ गालावर ठेवून झोप आली म्हणून सांगायची. आम्हाला वाटायचं, किती शहाणी झाली, बाईंचा शब्द पाळते.

आणि मग ते झाकण पडलं.

बोळवणीला आत्यांनी शेजारच्या शांताक्कांना बोलावलं. गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या बाया त्यांनीच वाटेला लावलेल्या. अंगानं आडव्या, आवाजानं त्याहून आडव्या. सोनसळी खण आणि दह्याचं गाडगं घेऊन त्या जिना चढल्या आणि वर येऊन धापा टाकत म्हणाल्या, "बाईंना खालच्या मजल्यावर यायला काय झालतं गं? म्हाताऱ्या बाईचा विचार न्हाई."

आम्ही केतकीला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. पुरळ सुकून अंगाला कोंडा धरला होता. नवा फ्रॉक घातला, खण तिच्या ओटीत दिला. शांताक्कांनी केळीच्या पानावर दहीभात वाढला, वर एक कांदा ठेवला आणि केतकीच्या अंगावरून उतरवला.

"जावा आता बाई," त्या म्हणाल्या. "जेवलासा, खाल्लासा, सेवा करून घेतलीसा. आता जावा. आणि लगीच माघारी येऊ नगासा, आमच्याकडं दही संपलं."

सगळे हसले. केतकी शांताक्कांच्या तोंडाकडे बघत होती. सगळे हसलेले बघून तीही हसली.

पान गल्लीच्या टोकाला ठेवून शांताक्का परत आल्या. आत्यांनी दारावरची डहाळी सोडली. केतकीला केस वाळवायला खिडकीत बसवलं होतं, उन्हाकडे तोंड, आमच्याकडे पाठ. किती दिवसांनी मी ती खिडकीवरची साडी काढली होती.

"मार हाक," आत्या म्हणाल्या.

मी उंबऱ्यात उभी राहिले. घसा कुजबुजून कुजबुजून गंजला होता. "केतकी!"

माझाच आवाज मला परका वाटला. केतकी केसांतून बोटं फिरवत होती.

"हे काय?" शांताक्का म्हणाल्या. "मागवाल्याची सून हाईस का भटजीची? मार की जोरात."

"केतकीऽऽ!"

खाली गल्लीत कुणीतरी वर बघितलं असेल. केतकीनं एक ओला केस ओढून उन्हात धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"रुसली," शांताक्का हसल्या. "एवढं दिवस अहो-जाहो करून घेतलंय. आता एकेरी हाकंला कोण वळतंय? अहो केतकीबाऽई! अहो, कुल्फीवाला आलाय!"

आत्या हसल्या नाहीत. उमेश एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्या पाठीकडे बघत होते. जवळ जाऊन तिला हात लावावा म्हणून मी पाऊल टाकलं, तर आत्यांनी मला धरलं. "हात लावायचा न्हाई. हाकेनंच यायला पायजे. 'ओ' दिली पायजे."

"थांबा," उमेश म्हणाले. "मी माग लावतो. माग लागले की बघा कशी पळत येते."

"ओ दिल्याबिगर माग—"

पण ते खाली गेले होते. आम्ही तिघी उभ्या. मी तिच्या मानेकडे बघत होते. तिच्या मानेवर उजव्या बाजूला एक तीळ आहे, त्याच्याकडे.

खाली पहिला माग धडाडला. मग दुसरा. जमीन हलली, मांडणीतली ताटं बडबडायला लागली.

केतकी दचकली! तिनं फरशीवर दोन्ही तळहात टेकले आणि गर्रकन मागं वळली. तोंडभर हसू. उठली, झुकली, भिंत धरली आणि धडपडत आमच्या मधून जिन्याकडे पळाली.

"बघ!" शांताक्कांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "बघ, बया! जीव काढला की गं पोरीनं!" आत्या मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून हसत होत्या की रडत होत्या, कुणास ठाऊक. मी तिच्या मागोमाग गेले.

ती वरच्या पायरीवर बसली होती, तिच्या जागेवर. खाली उमेश मागांच्या मधोमध उभे राहून वर बघत होते. त्यांनी हात हलवला. तिनंही हलवला. मग तिनं दोन्ही कानांत बोटं घातली.

काढली.

पुन्हा घातली. काढली.

तिचं हसू जिथं होतं तिथंच होतं, पण भुवया जवळ आल्या. तिनं बोटं खोल, दुखेल इतकी खोल घातली, डोळे मिटले, आणि झटक्यात बाहेर काढली. बोटांकडे बघितलं. बोटांना काही लागलंय का, असं. मग खालच्या मागांकडे बघितलं. धोटे इकडून तिकडे पळत होते, सगळं जागच्या जागी होतं. मग तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी ओरडले, "बंद करा! अहो, माग बंद करा!" त्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी मी दोन्ही हात वर करून हलवले, तेव्हा उमेशनी बटणाकडे धाव घेतली.

माग थांबल्यावर आम्ही सगळं करून बघितलं. तिच्यामागं ताट वाजवलं. उमेशनी टाळ्या वाजवल्या, शिट्टी वाजवली. तिला पाठीमागून धरून मी कानाशी तिचं नाव घेतलं, आधी हळू, मग मोठ्यानं. माझा श्वास लागून तिला गुदगुल्या झाल्या आणि ती हसली. शांताक्का कधी निघून गेल्या, कळलं नाही. दह्याचं रिकामं गाडगं तिथंच राहिलं.

मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्याला पट्टा लावला. आवाज आला की ठोकळा टोपलीत टाकायचा, असं खुणेनं शिकवलं. तिला ते लगेच कळलं. ठोकळा हातात धरून ती वाट बघत बसली. काचेच्या अलीकडे एक मुलगी बटणं फिरवत होती, आकडा चढवत होती. केतकी ठोकळा धरून बसून होती. शेवटी आपलं काहीतरी चुकलं असं वाटून तिनं माझ्याकडे बघत बघत तो हळूच टोपलीत टाकला.

"दोन्ही कान," डॉक्टर म्हणाले. "आतली नस. गोवरात होतं कधी कधी. क्वचित."

"औषध?" उमेशनी विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. मशीन लावून बघता येईल, पण एवढं कमी ऐकू येत असताना त्याचाही किती उपयोग होईल, सांगता येत नाही म्हणाले. मोठं ऑपरेशन असतं, पण मिरजेत नाही, आणि त्यातूनही पूर्वीसारखं नाही. तिच्याशी बोलत राहा म्हणाले, समोर बसून. नाहीतर येतं तेवढं बोलणंही हळूहळू जाईल.

"लगेच आणलं असतं तर? ती कानात माग चाललेत म्हणत होती, तेव्हाच?" मी विचारलं.

"तेव्हा आणलं असतं तरी, बहुतेक..." डॉक्टर म्हणाले, आणि ते वाक्य तिथंच राहिलं. त्यात आम्ही दोघंही अजून राहतो आहोत.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. केतकी उमेशच्या खांद्यावर झोपली होती. आत्या दारातच उभ्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आत गेल्या, आणि थोड्या वेळानं हातात लिंबाची ताजी डहाळी घेऊन बाहेर आल्या. स्टुलावर चढून ती उंबऱ्याला बांधायला लागल्या.

"आत्या, हे काय?"

"बाई गेल्या न्हाईत." सुतळी त्यांच्या बोटांत राहत नव्हती. "हाकंला ओ मिळाली न्हाई न्हवं? मग कुठं गेल्यात? हाईत अजून. आपलं कायतरी ऱ्हायलं. त्या शांतीनं चेष्टा केली, दही संपलं म्हणाली. असं म्हणत्यात का कुणी? पुन्हा पाळू. सगळं पुन्हा पाळू. मग जातील."

"डॉक्टर म्हणाले—"

"डॉक्टर म्हणू दे!" त्या ओरडल्या. इतक्या दिवसांतला त्यांचा पहिला ओरडा. मग आपल्याच आवाजाला घाबरल्यासारखा त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि स्टुलावर उभ्या उभ्याच हुंदके द्यायला लागल्या.

मी उमेशकडे बघितलं. त्यांनी केतकीला अंथरुणावर ठेवलं. खाली कामगारानं माग लावलेले होते. ते जिना उतरून गेले. मला वाटलं, आता ते घर सोडून कुठंतरी निघून जातील. पण खालून एक माग थांबल्याचं पायांना कळलं. मग दुसरा. मग सगळे. ते वर आले. आत्यांच्या हातातून सुतळी घेतली आणि डहाळीची गाठ मारली.

चुलीवर फोडणीची कढई चढवलेली होती, ती मी उतरवून ठेवली.

जमीन थांबली म्हणून असेल, केतकी जागी झाली. उठून बसली. दाराकडे बघितलं, उंबऱ्यावरच्या हिरव्या पाल्याकडे. मग वाकून फरशीवर तळहात टेकला, सरकवून दुसऱ्या जागी टेकला. माझ्याकडे बघितलं. मी समोर बसले, तिला माझं तोंड दिसेल अशी, आणि काय बोलावं ते शोधत राहिले.

ती भिंत धरत आली आणि माझ्या मांडीवर चढली. माझी मान हातांनी ओढून जवळ घेतली. बाई असताना हळू बोलायचं, हे तिच्या नीट लक्षात होतं. म्हणून तिनं माझ्या कानाला तोंड लावलं, दोन्ही हातांचा आडोसा केला, आणि गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं,

"आई, बाई कधी जाणार गं?"